निसान वन टन घाटात बंद पडते, वीस मिनिटांनी आपोआप सुरू होते. व्हेपर लॉक की दुसरंच काही?

रामबागचा_नातू, इंदूर

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसतं वाचतोय, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली कारण आता डोकं चालेना.

आमच्याकडे लष्कराच्या लिलावातली निसान वन टन आहे, जबलपूरची, पेट्रोलची, सहा सिलिंडरचं ३९५६ सीसी इंजिन, तेच जे लष्कराच्या जोंगा जीपमध्ये यायचं. काकांनी ८७ साली घेतली तेव्हा मी पाळण्यात होतो. आमची शेती बडवाहच्या अलीकडे आहे, मिरची आणि कापूस, म्हणजे गाडीचं काम काय तर महिन्यातून दोन-तीन फेऱ्या इंदूर-बडवाह आणि बाकी दिवस शेडमध्ये उभी. लिटरला चार-पाच देते त्यामुळे टाकी फुल करायची हिंमत कोणी करत नाही, दहा-पंधरा लिटर टाकायचं आणि निघायचं.

प्रॉब्लेम असा. थंड इंजिनवर एका सेल्फमध्ये सुरू होते, सपाटीला मस्त चालते. बडवाहकडून परत येताना भेरूघाट चढायला लागलो की तिसऱ्या-चौथ्या वळणाला आधी मिसिंग, मग पिकअप जातो, मग खोकत खोकत बंद. सेल्फ मारून काही होत नाही. बॉनेट उघडून वीस-पंचवीस मिनिटं बसायचं आणि मग अशी सुरू होते की जणू काही झालंच नव्हतं. पुढे दोन-तीन वळणं, की परत तेच. मागच्या महिन्यात मागे ट्रकची रांग लागली आणि आई पुढच्या सीटवर बसून रामरक्षा म्हणत होती. घरी आल्यावर तिने जाहीर केलंय की एक तर ती गाडी राहील नाहीतर मी.

आतापर्यंत काय केलं: मिस्त्रीने प्लग बदलले, पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला, मग कॉईल बदलली, कार्बोरेटर दोनदा उघडून साफ केला. पंपाच्या पुढे, कार्बोरेटरच्या आधी प्लास्टिकचा फिल्टर लावलाय, तो एकदम स्वच्छ दिसतो त्यामुळे टाकीत कचरा नाही असं मिस्त्रीचं म्हणणं. पंपाची डायफ्रॅम पण नवीन टाकली. एकदा त्याने पंपाकडून टाकीकडे लाईनमध्ये कंप्रेसरची हवा मारली होती तेव्हा पंधरा दिवस गाडी चांगली चालली, पण ते कॉईल बदलल्यामुळे असं तो म्हणतो कारण दोन्ही एकाच दिवशी केलं. सगळे मिळून साडेनऊ हजार गेले.

काका म्हणतात व्हेपर लॉक आहे, म्हणजे गरमीने पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि पुढे पेट्रोल जात नाही, पंपावर ओलं फडकं बांध. मिस्त्री म्हणतो पेट्रोलमध्ये आता इथेनॉल आहे, जुन्या गाड्यांचं हेच होणार, विकून टाका. कोणाचं ऐकू?

चोरल_लोकल

भिया सोप्पंय. मेकॅनिकल पंप काढून फेक, इलेक्ट्रिक पंप लाव, बॉनेटखाली बॅटरीच्या बाजूला जागा असते तिथे बसतो. माझ्या जुन्या जीपला लावलाय, चार वर्षं झाली बघावं लागलं नाही. हा शंभर टक्के व्हेपर लॉक आहे, गरम झाली की बंद आणि थंड झाली की सुरू, अजून काय पुरावा पाहिजे.

मुरारकर, ग्वाल्हेर

नातू साहेब, आधी एक विचारतो, राग मानू नका. गाडी ज्या क्षणाला बंद पडली त्या क्षणाला तुम्ही काय तपासलं? बॉनेट उघडून बसलो असं लिहिलंय. बसायचं नसतं. ती वीस मिनिटं सोन्याची असतात, रोग तेवढाच वेळ अंगावर असतो, नंतर गाडी वर्कशॉपला नेली की ती शहाण्या मुलीसारखी चालते आणि मिस्त्री बिचारा अंदाजाने पार्ट बदलत बसतो. त्यात त्याचा पण फार दोष नाही.

मी ईएमईत, म्हणजे सैन्याच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या शाखेत, चोवीस वर्षं काढली, बहुतेक सगळी बी व्हेइकलवर, म्हणजे ज्यांना चिलखत नाही त्या गाड्या. शक्तिमान, वन टन, जोंगा सगळ्या हाताखालून गेल्या. जोंगा नाव कुठून आलं बऱ्याच लोकांना माहीत नसतं, जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली याची ती आद्याक्षरं. गाडी निसानच्या 'पॅट्रोल' नावाच्या मॉडेलवरून घेतलेली, ६९ ते ९९ बनली. असो. सांगायचं हे की या इंजिनाला मी ओळखतो आणि ते विनाकारण बंद पडणारं इंजिन नाही.

पुढच्या वेळेला असं करा. एक जादा प्लग आणि एक हातभर वायर डॅशबोर्डमध्ये ठेवा. गाडी बंद पडली की आधी मागच्या चाकांना गुटके लावा. घाटात इंजिन बंद म्हणजे ब्रेकला मदत देणारा व्हॅक्यूम पण थोड्या वेळात संपतो, पेडल दगडासारखं होतं, नुसत्या हँडब्रेकवर भरवसा नको. (आणि दगड लावलात तर निघताना उचलून बाजूला टाका हो. आपल्याकडे लोक दगड तिथेच सोडून जातात आणि रात्री मागून येणारा मोटरसायकलवाला त्यावर जातो.)

मग प्लगच्या टोपीत जादा प्लग घालून त्याची बॉडी इंजिनच्या लोखंडाला नीट टेकवून बांधून ठेवा, हातात धरू नका, कार्बोरेटरपासून लांब, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ठिणगी निळी आणि कडक असेल, टक टक आवाज ऐकू येईल, तर इग्निशन, म्हणजे ठिणगीची बाजू, निर्दोष सुटली. पिवळी, मरतुकडी असेल किंवा नसेलच तर कॉईल बघा. नवीन कॉईल लावलीय म्हणताय तर हे पण विचारा की ती रेझिस्टरवाली आहे की बिनारेझिस्टरची. रेझिस्टर लागणारी कॉईल तशीच जोडली तर ती अर्ध्या तासात तापून झोपते आणि थंड झाली की उठते, लक्षण अगदी तुमच्यासारखंच. शिवाय गाडी १२ व्होल्टवर आहे की २४ वर तेही बघून घ्या, लष्करी गाड्यांत दोन्ही सापडतात आणि लिलावानंतर कोणी काय बदललंय ते देव जाणे.

ठिणगी ठीक असेल तर एअर क्लीनर काढा, सेल्फ न मारता कार्बोरेटरच्या घशात बघत हाताने ऍक्सिलेटरचा दांडा एकदा झटक्यात ओढा. आत पेट्रोलची बारीक धार उडाली पाहिजे. उडाली म्हणजे कार्बोरेटरच्या चेंबरमध्ये पेट्रोल आहे. नाही उडाली म्हणजे चेंबर कोरडा, रोग मागे आहे, पंप किंवा लाईन किंवा टाकी. बिडी ओढणारा माणूस गाडीपासून दहा पावलं लांब.

तिसरं, टाकीचं झाकण उघडा आणि कान द्या. फुस्स करून हवा आत गेली तर झाकणाचा श्वास बंद आहे. दोन मिनिटांचं काम आहे पण मी यावर पूर्ण इंजिन उतरवलेलं पाहिलंय.

हे तीन करा आणि मग इथे येऊन सांगा. तोपर्यंत खिशातून एक रुपया काढू नका.

चोरल_लोकल

काका तुमचा मान राखून, पण एवढं सगळं भेरूघाटात कोण करणार, मागून ट्रॉले येत असतात. पंप लावला की विषय संपला.

मुरारकर, ग्वाल्हेर

तुमच्या जीपला पंप चालला कारण तिला तोच रोग असेल. ताप आला म्हणून प्रत्येकाला क्विनाईन देत नाहीत.

मांजलपूरची, वडोदरा

मी गाड्यांची मिस्त्री नाही, रबर टेस्टिंगच्या लॅबमध्ये काम करते, घरी बाबांची जुनी पेट्रोल जीप आहे म्हणून इथे असते. नातूदादा, तुमच्या पोस्टमध्ये दोन गोष्टी खटकल्या.

एक, थंडीत किंवा रात्री कधी बंद पडली आहे का? म्हणजे मे महिन्याच्या दुपारी बंद पडली तर व्हेपर लॉक समजू शकतो, पण जानेवारीत पहाटे पण तीच जागा आणि तेच वळण असेल तर उष्णतेवर खापर फोडता येणार नाही.

दोन, लाईनमध्ये उलटी हवा मारल्यावर पंधरा दिवस बरी चालली हे तुम्ही जाता जाता लिहिलंय पण माझ्या मते अख्ख्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ ती आहे.

इथेनॉलबद्दल थोडं, कारण त्यावर इथे नेहमी आरडाओरडा होतो. फेब्रुवारी २०२३ पासून ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल, विकायला सुरुवात झाली आणि आता बहुतेक पंपांवर तेच असतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणजे वीस टक्के मिसळलं की सहा-सात टक्के ताकद कमी, त्यामुळे गाडी अशक्त वाटते हे खरं, पण त्याने गाडी चालता चालता बंद पडत नाही. त्याचे खरे उद्योग तीन. जुनं रबर फुगवतं आणि मऊ करतं, हवेतलं पाणी ओढून घेतं आणि टाकीच्या तळाला वर्षानुवर्षं बसलेला शिळ्या पेट्रोलचा डिंक सोडवतं. पहिल्यासाठी नळ्या बदलायच्या, पण दुकानातली कुठलीही काळी नळी नाही, नळीवर ३०आर९ असा छाप असलेली घ्या, तिच्या आतला थर फ्लोरोरबरचा असतो. आणि मिस्त्री इंजिनजवळच्या नळ्या बदलतात, टाकीजवळ चॅसिसच्या आत जो चार बोटांचा तुकडा असतो तो कोणी बघत नाही. बाबांच्या जीपमध्ये तो बाहेरून ठणठणीत होता आणि आतून सुजून भोक बारीक झालं होतं, मी तो उभा चिरून लॅबमध्ये नेला होता, आतला थर नखाने निघत होता.

रामबागचा_नातू

बाप रे. ताई तुम्ही विचारलंत आणि आठवलं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी पहाटे साडेपाचला मिरचीची पोती घेऊन येत होतो, हात गोठले होते, तेव्हा पण तिथेच बंद पडली होती. आम्ही म्हटलं थंडीने. उन्हाळ्यात गरमीने आणि हिवाळ्यात थंडीने, आम्हाला काहीही चालतं.

मुरारकर काका, रविवारी रिकामी गाडी घेऊन मुद्दाम घाटात जातो. मित्राला घेतोय, आईला सांगितलं नाहीये.

चोरल_लोकल

येऊ का? मला पण बघायचंय. पोहे तुझे.

रामबागचा_नातू (रविवार रात्री)

रिपोर्ट. चोरलवाले भिया खरंच आले होते त्यामुळे साक्षीदार आहे.

रिकाम्या गाडीला बंद पडायला पाचवं वळण लागलं, भरलेली असती तर तिसऱ्यालाच. गुटके लावले. ठिणगी: निळी, कडक, दिवसाउजेडी दिसत होती. म्हणजे प्लग, पॉइंट, कंडेन्सर, कॉईल सगळ्यांचे पैसे पाण्यात. ऍक्सिलेटरचा दांडा ओढला, कार्बोरेटरच्या घशात काही नाही, कोरडा ठाक. टाकीचं झाकण उघडलं, फुस्स वगैरे काही नाही, झाकण ठीक आहे.

आणि मग आम्ही अजून एक केलं जे तुम्ही सांगितलं नव्हतं. आदल्या दिवशी पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी टाकून ठेवली होती, नुसती बघण्यासाठी. सपाटीला तिच्यात पेट्रोल एकसारखं दिसत होतं, घाट लागला आणि ऍक्सिलेटर दाबला तसे बुडबुडे यायला लागले, आधी बारीक मग मोठे, बंद पडायच्या वेळेला नळीत अर्धा फेसच होता. भिया लगेच ओरडले बघ वाफ, बघ वाफ! आणि मला पण वाटलं की आमचे घरचे काका बरोबर होते. पण नळीला हात लावला तर थंड होती. मग वाफ कुठून आली? इथे डोकं बंद पडलं, गाडी वीस मिनिटांनी सुरू झाली.

चोरल_लोकल

हो बुडबुडे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. पोहे पण मीच दिले, नोंद असावी.

मुरारकर, ग्वाल्हेर

शाब्बास. आता नीट ऐका.

पंप टाकीतून पेट्रोल ओढतो, ढकलत नाही. ओढणाऱ्या बाजूला कुठे गळा आवळला असेल तर पंप ताकद लावून ओढतो, नळीत दाब कमी होतो आणि कमी दाबात पेट्रोल थंड असताना पण उकळतं. म्हणजे वाफ खरी आहे, पण ती रोग नाही, रोगाचा घाम आहे. सपाटीला इंजिन थोडं पितं, तेवढं त्या आवळलेल्या गळ्यातून येतं. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ऍक्सिलेटर म्हणजे तीच गाडी दुपटीपेक्षा जास्त मागते, तेवढं येत नाही, चेंबर हळूहळू रिकामा होतो आणि तिसऱ्या वळणाला संपतो. तिसरंच वळण का, तर चेंबर रिकामा व्हायला तेवढा वेळ लागतो.

आणि आमच्या चोरलवाल्यांचा इलेक्ट्रिक पंप बॅटरीजवळ लावला असता तर त्याने पण तिथूनच ओढलं असतं, जास्त जोराने, म्हणजे फेस जास्त. तो पंप लावायचाच झाला तर टाकीजवळ, टाकीच्या पातळीला, पाठीमागून ढकलणारा.

बुडबुड्यांचं दुसरं कारण असू शकतं ते म्हणजे नळीच्या जोडातून हवा शिरणे. दोन्हीचा निवाडा एका झटक्यात होतो. जेरीकॅन घ्या, मागे उघड्या हौद्यात दोरीने घट्ट बांधा, केबिनमध्ये अजिबात नको, त्यातून नवी नळी थेट पंपाला. टाकी आणि जुनी लाईन दोन्ही बाजूला ठेवा. आग विझवायचा सिलिंडर गाडीत पाहिजे आणि मागे एक माणूस नजर ठेवायला दुसऱ्या गाडीत. अशी घाट चढा. चढली तर पंप, कार्बोरेटर, इग्निशन सगळे निर्दोष सुटले आणि चोर टाकी आणि पंपाच्या मधल्या आठ-दहा फुटांत आहे.

मांजलपूरची, वडोदरा

आणि चढली तर टाकीतला ओढणारा पाईप आधी बाहेर काढा. वीस मिनिटांचं गणित मला कळल्यासारखं वाटतंय पण आधी बघा, आत्ता बोलत नाही.

रामबागचा_नातू (आठ दिवसांनी)

चढली! जेरीकॅनवर भेरूघाट खालून वरपर्यंत, मध्ये एकदाही चुकली नाही, वर पोचल्यावर मी उगाच हॉर्न वाजवला. मागून भिया मोटरसायकलवर.

काल टाकी उतरवली. सहा बोल्ट, त्यातले दोन कापावे लागले. ओढणारा पाईप वरून बाहेर काढला, त्याच्या खालच्या टोकाला पितळी जाळी असते ही गोष्ट मला माहीतच नव्हती, मिस्त्रीला पण नसावी. जाळी बाहेर आली तेव्हा जवळजवळ स्वच्छ होती! मी निराश झालो. मग काकांनी (ते आता ७४ चे आहेत, खुर्ची टाकून बसले होते) म्हटलं टाकी हलवून तळ बघ. बॅटरी मारली तर तळाला चिंचेच्या कोळासारखं काहीतरी, तपकिरी, त्यात गंजाचे पापुद्रे, आणि मधोमध एक पातळ गोल चकती तरंगत होती, साधारण जुन्या पाच रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी, मऊ, आणि तिच्या एका बाजूवर जाळीची नक्षी उमटलेली. म्हणजे चौकोन चौकोन, जशी तव्यावरच्या जाळीवर भाकरी भाजली की खालच्या बाजूला उठते तशी.

काकांनी ती चिमट्याने उचलली, बघितली, आणि म्हणाले ही तर गाडी चालवत होती आपली इतके दिवस.

मांजलपूरची, वडोदरा

हेच, हेच! इंजिन ओढायला लागलं की चकती जाऊन जाळीला चिकटणार, जेवढं जास्त ओढाल तेवढी घट्ट. बंद पडलं की ओढ संपली, हळूहळू सुटून खाली पडणार, त्याला वीस मिनिटं. गार होण्याचा काही संबंध नाही. उलटी हवा मारली तेव्हा ती लांब कोपऱ्यात उडाली असणार आणि परत यायला तिला पंधरा दिवस लागले. आणि पुढचा फिल्टर स्वच्छ कारण जाळीच्या पुढे काही जातच नव्हतं. फिल्टर स्वच्छ आहे म्हणून टाकी स्वच्छ आहे हा तर्क म्हणजे दार बंद आहे म्हणून घरात कोणी नाही.

कोपरखळी: यात इथेनॉलचा हात आहे पण अख्खं बिल त्याच्यावर फाडू नका. डिंक त्याने सोडवला असेल, पण तो बसला कशाने, तर टाकी वर्षानुवर्षं पाऊण रिकामी ठेवून. रिकाम्या भागात ओल धरते, वरचा पत्रा गंजतो, पापुद्रे खाली पडतात. ती चकती फेकू नका, मला एक फोटो पाठवा.

मुरारकर, ग्वाल्हेर

उत्तम. आता टाकी धुवायची, आणि इथे मी जरा दरडावून बोलणार आहे. रिकामी पेट्रोल टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते. पेट्रोल ओतून दिलं तरी वाफ आत राहते. कुठे भोक सापडलं तर वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका, तो म्हणेल पाणी भरून करतो, नाही म्हणा. आमच्या वेळेला कितीही घाई असली तरी टाकीला आग दाखवायची परवानगी नव्हती.

धुवायचं असं: गरम पाणी आणि कपडे धुवायची पावडर, आत मूठभर बारीक स्वच्छ खडी किंवा जुनी पातळ साखळी, दोन माणसांनी पंधरा मिनिटं हलवायचं, ओतायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत परत परत. मग फॉस्फोरिक ऍसिडवालं गंज काढायचं द्रावण मिळतं ते, मग परत पाणी, मग उन्हात पूर्ण कोरडी. खडी मोजून टाका आणि मोजून काढा, हसू नका, एक खडा आत राहिला तर मी आहेच इथे. आत लेप लावायचा असेल तर इथेनॉलला टिकणारा आहे का ते डब्यावर वाचा, नाहीतर सहा महिन्यांनी लेपाचीच चकती सापडेल. ताईंनी सांगितलेला टाकीजवळचा नळीचा तुकडा याच वेळेला बदला. एक फिल्टर पंपाच्या आधी पण लावा, जिथे डोळ्याला दिसेल, मोठ्या भोकाचा.

आणि प्लग काढून बघा. टोक पांढरं असेल तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, ई-२० वर जुनं जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) थोडं कमी पडतं, एक नंबर मोठं मेन जेट टाकून बघा. पण हे टाकीनंतर. एका वेळेला एकच गोष्ट, तुमच्या मिस्त्रीने कॉईल आणि हवा एकाच दिवशी केली तिथेच सगळा घोळ झाला.

चोरल_लोकल

मी माझा इलेक्ट्रिक पंप बघितला काल. बॅटरीजवळच आहे. काही बोलू नका.

आर्मी_गाडी_शौकीन

मध्येच घुसतो, सॉरी. नातूभाऊ गाडीचा रंग कोणता आहे? फोटो नाही टाकला.

रामबागचा_नातू

ओरिजिनल, हिरवा. आर्मीचाच. काकांनी दोनदा तोच मारून घेतलाय, डबा महूहून आणतात. पुढच्या बंपरवर जुना वर तोंड केलेला बाण पण आहे, पुसट.

आर्मी_गाडी_शौकीन

मग ते बदला लवकर. केंद्रीय मोटर वाहन नियम १९८९, नियम १२१, संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कुठल्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग मारता येत नाही. लिलावातून घेतली तरी नाही. तो बाण तर अजिबात नको, बाण आणि त्यापुढचे दोन आकडे ही सैन्याची नंबर पद्धत आहे, आकडे म्हणजे गाडी सैन्यात आल्याचं साल. महूकडे जाता येता कोणी अडवलं नाही हे नशीब. वाळूचा रंग मारा, किंवा निळसर राखाडी, छान दिसतो. आणि गाडी पन्नास वर्षांची झाली असेल तर २०२१ च्या नियमाने विंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरमध्ये व्हीए येतं, पण मग रोजचा वापर करता येत नाही, रॅली आणि प्रदर्शनाला वगैरे चालते. मिरचीची पोती नाही.

मुरारकर, ग्वाल्हेर

बरोबर सांगताय. माझ्या ओळखीच्या एकाने जोंगा हिरवी ठेवली होती, ग्वाल्हेरला चेकिंगमध्ये अर्धा दिवस बसवून ठेवला.

रामबागचा_नातू

अपडेट: टाकी तीनदा धुतली, खडे एकतीस टाकले, एकतीस निघाले, दोघांनी वेगवेगळे मोजले. जाळी नवीन पितळेची बसवली, टाकीजवळचा नळीचा तुकडा ताई म्हणाल्या तसाच निघाला, बाहेरून चांगला आणि आतून बंद व्हायला आलेला. एकूण खर्च अकराशे चाळीस, त्यात दोन बोल्ट. शनिवारी पोती भरून, पूर्ण लोडमध्ये घाट चढलो, आई पुढे बसली होती. चौथ्या वळणापर्यंत रामरक्षा चालू होती, मग थांबली, मग म्हणाली खिडकी लाव, धूळ येतेय.

पारदर्शक नळी अजून काढली नाही, उगाच बघत बसतो.

रंगाचं काकांना अजून सांगितलेलं नाही. चकती त्यांनी लोणच्याच्या रिकाम्या बाटलीत ठेवलीय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. मुरारकर काका, तुम्ही फौजेतले आहात, तुमचं ऐकतील. फोन कराल का एकदा?

मुरारकर, ग्वाल्हेर

नंबर पाठवा. पण ८७ पासून हिरव्या गाडीत बसलेल्या माणसाला हे सांगायचं म्हणजे, बघू, संध्याकाळी करतो.